दुःखाचा अर्थ कोणी सांगावा?

ज्या घरी अकाली मृत्यू झाला आहे अशा घरी आपण सांत्वनासाठी जातो, तेव्हा काय बोलावे हे आपल्याला सुचत नाही. अंगणात खुर्च्या मांडलेल्या असतात, आतून रडण्याचा आवाज येत असतो. आणि ती अवघड शांतता असह्य होऊन आपल्यापैकी कोणीतरी बोलून जाते, ‘देवाची इच्छा होती.’ दुसरे कोणी म्हणते, ‘देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात.’ तिसरे कोणी आवाज खाली आणून त्या घराच्या एखाद्या जुन्या चुकीची आठवण काढते. बोलणाऱ्याचा हेतू बहुधा वाईट नसतो. पण या प्रत्येक वाक्यात आपण एक मोठे धाडस करीत असतो. आपण देवाच्या वतीने बोलत असतो. हा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. त्यासाठी एका स्त्रीचे चरित्र सांगावयाचे आहे. तिला हे वाक्य ऐकवायला कोणी शेजारी यावा लागला नाही. तिने ते स्वतःच स्वतःला सांगितले, आणि त्याच्या ओझ्याखाली उरलेले आयुष्य काढले. ती स्त्री म्हणजे अमेरिकेचे चौदावे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन पिअर्स यांच्या पत्नी जेन पिअर्स.

जेनबाईंचा जन्म १२ मार्च १८०६ रोजी न्यू हॅम्पशायरमधील हॅम्प्टन या गावी झाला. वडील जेसी ॲपलटन काँग्रिगेशनल मंडळीचे पाळक होते. १८०७ साली ते ब्रन्सविक येथील बोडन महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले. १८१९ साली त्यांचे निधन झाले तेव्हा जेन अवघी तेरा वर्षांची होती. त्यानंतर आई मुलांना घेऊन ॲमहर्स्ट या गावी माहेरी राहावयास गेली. हे घर भक्तिमान होते. शब्बाथ काटेकोरपणे पाळला जाई, पवित्र शास्त्राचे वाचन नित्याचे होते, आणि प्रत्येक घटनेत देवाचा हात शोधावा ही न्यू इंग्लंडच्या प्युरिटन पूर्वजांची शिकवण त्या घराच्या हाडीमांसी रुजलेली होती. आजारपण असो, पिकाचा नाश असो की मुलाचा मृत्यू असो, तो देवाचा संदेश आहे आणि भक्ताने तो वाचला पाहिजे, अशी ती दृष्टी होती.

आपल्या मराठी मंडळ्यांना ही परंपरा परकी नाही. १८१३ साली मुंबईस येऊन पोहोचलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी याच न्यू इंग्लंडचे, याच काँग्रिगेशनल मंडळ्यांचे, आणि मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हरच्या ईश्वरविज्ञान विद्यालयात शिकलेले होते. पुढे १८३१ साली त्या वेळच्या अहमदनगरात जे काम उभे राहिले त्याचे मूळही तेथेच आहे. त्या परंपरेने आपल्याला पुष्कळ दिले आहे, आणि ते आपण कृतज्ञतेने मान्य करतो. म्हणूनच तिच्या एका कन्येचे दुःख आपण घरच्या माणसाच्या आस्थेने पाहिले पाहिजे. अँडोव्हर हे नाव मात्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. या हकिकतीत ते पुन्हा येणार आहे.

१९ नोव्हेंबर १८३४ रोजी जेनबाईंचा विवाह फ्रँकलिन पिअर्स यांच्याशी झाला. पिअर्स त्या वेळी अमेरिकन संसदेचे सदस्य होते. मनमिळाऊ, वक्तृत्वसंपन्न, राजकारणाची हौस असलेले आणि मद्याच्या मोहाशी झगडणारे असे ते गृहस्थ होते. जेनबाई अबोल आणि प्रकृतीने नाजूक. त्यांना वॉशिंग्टनचे राजकीय जीवन मुळीच रुचत नसे. १८३६ साली पहिला मुलगा झाला आणि तीनच दिवसांत गेला. १८३९ साली दुसरा मुलगा, फ्रँक रॉबर्ट, जन्मला. १८४१ साली तिसरा, बेंजामिन. त्याला सगळे बेनी म्हणत. १८४२ साली पिअर्स यांनी सिनेटचा राजीनामा दिला आणि कुटुंब काँकर्ड येथे स्थिरावले. पण १८४३ साली चार वर्षांचा फ्रँक तापाने दगावला. आता बेनी एकटाच उरला. आईने आपले सारे आयुष्य त्या एका मुलाभोवती गुंडाळून घेतले. त्याचा अभ्यास, त्याची प्रार्थना, त्याचे शास्त्रवाचन हाच तिचा संसार झाला.

१८५२ च्या जून महिन्यात बाल्टिमोर येथे डेमोक्रॅटिक पक्षाचे अधिवेशन भरले. प्रमुख उमेदवारांपैकी कोणालाच पुरेशी मते मिळेनात. अखेर एकोणपन्नासाव्या फेरीत तडजोड म्हणून पिअर्स यांचे नाव निश्चित झाले. ही वार्ता ऐकताच जेनबाईंना मूर्च्छा आली असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अकरा वर्षांच्या बेनीनेही आईला पत्रातून कळविले की, बाबा निवडून येऊ नयेत अशी माझी इच्छा आहे. मला वॉशिंग्टनला राहावयास आवडणार नाही आणि तुलाही आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. नोव्हेंबरात पिअर्स मोठ्या बहुमताने निवडून आले.

जेनबाईंची बहीण अँडोव्हरला राहत असे. ६ जानेवारी १८५३ रोजी पिअर्स पतिपत्नी आणि बेनी अँडोव्हरहून आगगाडीने काँकर्डला निघाले. गाडी गाव सोडून थोडी पुढे गेली असेल नसेल, तोच डब्याचा आस मोडला. डबा रुळांवरून घसरला आणि बांधावरून खाली कोसळला. आईवडिलांना किरकोळ दुखापती झाल्या. बेनी मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत जागच्या जागी ठार झाला. राष्ट्राध्यक्षपदाची सूत्रे हाती घेण्यास तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते.

यानंतर त्या घरात जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने अपघातापेक्षाही महत्त्वाचे आहे. जेनबाईंनी या घटनेचा अर्थ लावला. देवाने बेनीला नेले ते त्याच्या वडिलांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून. राष्ट्राची धुरा वाहणाऱ्या माणसाच्या मनात दुसरी माया उरू नये म्हणून. अशी त्यांची समजूत झाली. पतीनेही अर्थ लावला, पण तो निराळा होता. हा आपल्याच पापांबद्दलचा दंड आहे असे पिअर्स यांच्या मनाने घेतले. ४ मार्च १८५३ रोजी पद स्वीकारताना त्यांनी शपथ घेण्याऐवजी केवळ प्रतिज्ञा केली, आणि हात ठेवला तो पवित्र शास्त्रावर न ठेवता कायद्याच्या ग्रंथावर, असे सांगितले जाते. अनेक चरित्रकार याचा संबंध त्यांच्या या मनःस्थितीशी जोडतात. उद्घाटनाच्या भाषणाचा आरंभच त्यांनी आपल्या दुःखाच्या उल्लेखाने केला. जेनबाई त्या समारंभास आल्या नाहीत. त्या बाल्टिमोरला थांबल्या होत्या.

पुढे त्या व्हाइट हाउसमध्ये आल्या, पण जवळजवळ दोन वर्षे लोकांसमोर आल्या नाहीत. पाहुण्यांचे स्वागत त्यांच्या नात्यातील ॲबी केंट मीन्स या बाई करीत. वरच्या मजल्यावरील खोलीत बसून जेनबाईंनी आपल्या मेलेल्या मुलाला पत्र लिहिले. आपले प्रेम त्याच्या हयातीत आपल्याला हवे तसे दाखविता आले नाही, ही खंत त्या पत्रात आहे. १ जानेवारी १८५५ च्या नववर्ष स्वागतसमारंभाला त्या प्रथमच सर्वांसमोर उभ्या राहिल्या. लोकांनी त्यांना व्हाइट हाउसमधील सावली म्हटले.

वाचकहो, या आईला दोष देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. तिने हा अर्थ का लावला, हे आधी समजून घेऊ या. तिचा तिसरा मुलगा एका लोखंडी आसाच्या मोडण्याने मेला होता. त्या मृत्यूला काहीच कारण नव्हते असे मानणे म्हणजे सृष्टीला कोणी धनी नाही असे मानण्यासारखे तिला वाटले असेल. अर्थहीन दुःखापेक्षा भयंकर अर्थ असलेले दुःख माणसाला जवळचे वाटते. कारण अर्थ असला की निदान कोणीतरी आपल्याकडे पाहत आहे असा भरवसा राहतो. ‘देवाने माझे मूल नेले’ असे म्हणणारी आई देवाला सोडून गेलेली नसते. ती त्याला घट्ट धरून असते. तिच्या श्रद्धेत खोट नव्हती. खोट होती ती त्या श्रद्धेला शिकविलेल्या एका सवयीत. प्रत्येक घटना ही देवाने आपल्या नावे लिहिलेली चिठ्ठी आहे आणि ती वाचण्याची किल्ली आपल्याजवळ आहे, ही ती सवय.

या सवयीने काय केले ते पाहा. एकाच छताखाली, एकाच मृत्यूची दोन उत्तरे तयार झाली. पत्नीच्या उत्तराप्रमाणे देव तिच्या पतीचा मार्ग मोकळा करीत होता. पतीच्या उत्तराप्रमाणे देव त्याला शिक्षा करीत होता. ही दोन्ही उत्तरे एकदम खरी असू शकत नाहीत. शिवाय प्रत्येक उत्तराने दुसऱ्याला दूर लोटले. पत्नीचे उत्तर खरे असेल, तर पतीची महत्त्वाकांक्षा हीच मुलाच्या मृत्यूचे कारण ठरते. मग तिने त्याच्याकडे कोणत्या डोळ्यांनी पाहावे? पतीचे उत्तर खरे असेल, तर त्याच्या पापाचे मोल निरपराध मुलाने दिले. मग त्याने तिच्यासमोर कसे यावे? ज्या दुःखात दोघांनी एकमेकांचा हात धरावयाचा होता, त्या दुःखाचे स्पष्टीकरणच दोघांच्या मध्ये भिंत होऊन उभे राहिले. आणि देवाचे काय झाले? एका माणसाला कचेरीतील कामात लक्ष लागावे म्हणून जो अकरा वर्षांच्या मुलाचा जीव घेतो, असा देव या उत्तरातून उभा राहिला. येशू ख्रिस्ताने ज्याला पिता म्हणावयास आपल्याला शिकविले तो हा देव आहे काय?

आता जेनबाईंचे उत्तर इतिहासाच्या कसोटीवर लावून पाहू. मुलाची माया सुटून मोकळ्या झालेल्या त्या माणसाने राष्ट्रासाठी काय केले? ३० मे १८५४ रोजी पिअर्स यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर स्वाक्षरी केली. १८२० च्या तडजोडीने ज्या उत्तरेकडील प्रदेशात गुलामगिरीला बंदी होती, तो प्रदेश या कायद्याने तिला मोकळा झाला. कॅन्ससमध्ये रक्तपात सुरू झाला. त्याच आठवड्यात बोस्टनमध्ये आणखी एक घटना घडली. व्हर्जिनियातून पळून आलेला अँथनी बर्न्स नावाचा तरुण गुलाम २४ मे रोजी पकडला गेला. त्याला परत न धाडण्यासाठी शहर पेटून उठले. पिअर्स यांच्या सरकारने सैन्याचे बळ त्याच्या मालकाच्या मागे उभे केले, आणि २ जून रोजी सैनिकांच्या पहाऱ्यात, हजारो हळहळणाऱ्या लोकांच्या देखत त्याला बंदरावर नेऊन परत दास्यात पाठविले. हा बर्न्स ख्रिस्ती होता, आपल्या बांधवांत उपदेश करणारा होता. पुढील वर्षी बोस्टनच्या मंडळीने पैसे जमवून त्याला सोडविले. त्याने शिक्षण घेतले, कॅनडात तो पाळक झाला, आणि १८६२ साली ऐन तारुण्यात क्षयाने वारला. पिअर्स यांना मात्र १८५६ साली त्यांच्याच पक्षाने पुन्हा उमेदवारी दिली नाही.

या धोरणाचा दोष जेनबाईंच्या माथी मारावयाचा नाही. पण विचार करा. मोशेच्या पाचव्या पुस्तकात, अनुवादाच्या एकोणतिसाव्या अध्यायाच्या शेवटच्या वचनात, दोन प्रकारच्या गोष्टींत स्पष्ट भेद केला आहे. गुप्त गोष्टी परमेश्वराच्या स्वाधीन आहेत, आणि प्रकट केलेल्या गोष्टी आपल्या व आपल्या मुलाबाळांच्या, त्या आपण पाळाव्या म्हणून दिलेल्या आहेत, असा त्याचा आशय आहे. बेनी का गेला ही गुप्त गोष्ट होती. आणि प्रकट गोष्ट? त्याच पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात, पंधराव्या वचनात, आश्रयास आलेल्या पळपुट्या दासाला त्याच्या धन्याच्या हवाली करू नये अशी स्वच्छ आज्ञा आहे. ती समजण्यासाठी कोणताही संकेत उलगडावा लागत नव्हता. त्या युगातील किती भक्तिमान घरे गुप्त गोष्टींचा अर्थ लावण्यात रात्री घालवीत होती, आणि प्रकट आज्ञा दिवसाढवळ्या पायदळी तुडविली जात होती! देवाचा हेतू ओळखण्याचा हव्यास कधी कधी देवाची आज्ञा न पाळण्याची पळवाट होतो.

हे केवळ त्या काळापुरते नाही. डब्याचा आस का मोडला, याचे एक साधे उत्तर नेहमीच असते: लोखंड कच्चे असेल, तपासणी झाली नसेल. ‘देवाची इच्छा’ म्हणून आपण थांबलो, तर आस तपासावयास कोण जाईल? ज्या बाळंतिणीला वेळेवर दवाखान्यात नेले नाही, ज्या मजुराला सुरक्षेची साधने दिली नाहीत, ज्या मुलाच्या तापाकडे कोणी लक्ष दिले नाही, त्यांच्या मरणावर आपण देवाचे नाव घालतो आणि जबाबदार माणसे सुटतात. पुष्कळदा आपण देवाची इच्छा म्हणतो, आणि ती माणसाची हयगय असते.

येथे काही वाचक शास्त्राचाच आधार घेऊन शंका काढतील, आणि ती रास्त आहे. दावीदाचे मूल त्याच्या पापामुळे मेले असे शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात स्पष्ट सांगितलेले नाही काय? सांगितले आहे. पण ते दावीदाने तर्काने काढले नव्हते, की शेजाऱ्यांनी कुजबुजून ठरविले नव्हते. ते नाथान संदेष्ट्याने सांगितले, ज्याला देवाने पाठविले होते, आणि ज्याने मूल आजारी पडण्यापूर्वीच ते सांगितले. आपल्यापैकी कोणाजवळ ती आज्ञा आहे? नाथानाचे शब्द उसने घेणे सोपे आहे. त्याचे पाठविले जाणे उसने घेता येत नाही. आणि त्याच अध्यायात पुढे काय आहे तेही वाचावे. मूल मेल्यावर दावीद उठला, परमेश्वराच्या मंदिरात गेला, आणि मग त्याने आपली स्त्री बथशेबा हिचे सांत्वन केले. कारण ठाऊक असूनही त्याने तिला कारण ऐकविल्याचे तेथे लिहिलेले नाही.

दुसरी शंका योसेफाविषयी. भावांनी वाईट योजिले, देवाने त्यातून चांगले योजिले, असे तो म्हणाला होताच. होय, पण ते कोण म्हणाला, केव्हा म्हणाला आणि कोणत्या दुःखाविषयी म्हणाला हे पाहावे. ज्याला खड्ड्यात टाकले होते तोच म्हणाला. पुष्कळ वर्षांनी, दुष्काळात लोकांचे प्राण वाचलेले डोळ्यांनी पाहिल्यावर म्हणाला. आणि स्वतःच्या दुःखाविषयी म्हणाला, आपल्या अपराधी भावांची भीती दूर करावी म्हणून. रक्ताने माखलेला अंगरखा हातात घेऊन म्हातारा याकोब बसला होता, त्या वेळी त्याला हे वाक्य ऐकविण्याचा हक्क कोणालाच नव्हता. देव सर्व गोष्टींतून कल्याण साधतो ही आपली आशा आहे. पण प्रत्येक गोष्ट त्याने त्यासाठीच घडवून आणली, असे दुसऱ्याच्या तोंडावर म्हणणे ही आशा नव्हे. तो निकाल झाला, आणि निकाल देण्याचे आसन आपले नाही.

आपल्या प्रभूपुढेही हा प्रश्न आला होता. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? शिष्य त्या माणसाकडे एक कोडे म्हणून पाहत होते. प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले, त्याच्या ठायी देवाची कार्ये दिसावी असे सांगितले, आणि लगेच ते कार्य करावयास घेतले. चिखल केला, त्याच्या डोळ्यांना लावला, त्याला दृष्टी दिली. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हाही ती माणसे इतरांहून अधिक अपराधी होती हे त्याने साफ नाकारले. मात्र ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करावयास सांगितले. यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. दुसऱ्याच्या संकटाने मी स्वतःला तपासावे, हे योग्य आहे. दुसऱ्याच्या संकटावरून मी त्याला तपासावे, हे प्रभूला मान्य नाही. पिअर्स यांनी आपल्या ज्ञात दोषांबद्दल पश्चात्ताप केला असता तर ते त्यांच्या हिताचेच होते. पण ‘म्हणूनच देवाने बेनीला मारले’ हे पुढचे वाक्य त्यांना कोणी सांगितले नव्हते. आणि लाजराच्या कबरेपाशी? आपण थोड्याच वेळात त्याला उठविणार आहोत हे जाणणारा प्रभू तेथे रडला. ज्याला सर्व उत्तर ठाऊक होते, त्याने आधी अश्रू ढाळले.

ईयोबाच्या तीन मित्रांचीही आठवण ठेवावी. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ भूमीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. सांत्वन कसे करावे याचा तो उत्तम नमुना होता. मग त्यांनी तोंडे उघडली, आणि पुढे अध्यायांमागून अध्याय ते देवाची बाजू मांडीत राहिले. शेवटी देवाचा कोप भडकला तो त्यांच्यावर. आक्रोश करणाऱ्या, जाब विचारणाऱ्या ईयोबावर नाही. देवाला आपल्या वकिलीची गरज नव्हती.

आता पुन्हा जेनबाईंकडे वळू. १८५७ साली पिअर्स यांची मुदत संपल्यावर पतिपत्नी मदीरा बेटावर आणि मग युरोपात गेले. बेनीचे पवित्र शास्त्र जेनबाईंनी प्रवासभर आपल्याजवळ ठेवले होते. पुढे देशात यादवी युद्ध पेटले. फेब्रुवारी १८६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा अकरा वर्षांचा मुलगा विली व्हाइट हाउसमध्येच तापाने वारला. पिअर्स हे लिंकन यांचे कडवे राजकीय विरोधक होते. तरीही ४ मार्च १८६२ रोजी, स्वतःच्या पदग्रहणाला बरोबर नऊ वर्षे झाली त्या दिवशी, त्यांनी लिंकन यांना सांत्वनाचे पत्र लिहिले, आणि त्यात आपल्या पत्नीचीही सहानुभूती कळविली. सांत्वनाचे मार्ग सुचविणे किती व्यर्थ आहे हे मी जाणतो, अशा अर्थाचे ते लिहितात. अशा घडीला देवावरील भरवसा हा एकच आश्रय आहे, बाकीचे काळावर सोडावे. आणि तुमचा मुलगा, जेथे अश्रू नाहीत अशा नव्या जीवनात तुमची भेट होईपर्यंत, तुमच्या हृदयाशी बिलगून राहील, असा त्याचा आशय आहे.

वाचकहो, या पत्रात काय नाही ते पाहा. विली का गेला हे त्यात नाही. तो लिंकन यांच्या पापांचा दंड आहे असे त्यात नाही. राष्ट्राच्या कामात पित्याचे लक्ष लागावे म्हणून देवाने त्याला नेले, असेही त्यात नाही. आपल्या मुलाच्या मृत्यूची उत्तरे नऊ वर्षे छातीवर बाळगणाऱ्या घराने दुसऱ्याच्या मुलाच्या मृत्यूला एकही उत्तर दिले नाही. त्यांनी पुढे केला तो भरवसा, आणि पुनर्भेटीची आशा. उत्तर आणि भरवसा यांत हाच भेद आहे. उत्तर देणारा म्हणतो, देवाने हे का केले ते मला ठाऊक आहे. भरवसा ठेवणारा म्हणतो, का ते मला ठाऊक नाही, पण देव कोण आहे ते मला ठाऊक आहे.

२ डिसेंबर १८६३ रोजी जेनबाई क्षयाने वारल्या, त्याच अँडोव्हर गावी. काँकर्डच्या दफनभूमीत मुलांच्या शेजारी त्यांना ठेवण्यात आले. पतीचे जुने मित्र, लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न, अंत्यविधीला आले होते. कडाक्याच्या थंडीत कबरेपाशी उभ्या असलेल्या हॉथॉर्न यांच्या कोटाची कॉलर शोकाकुल पिअर्स यांनीच हलकेच वर ओढून दिली, असे सांगतात. त्या दिवशी तेथे पुष्कळ शब्द बोलले गेले असतील. आठवणीत राहिली ती ही कृती. १८६५ साली, वयाची साठी ओलांडल्यावर, फ्रँकलिन पिअर्स यांनी एपिस्कोपल मंडळीत बाप्तिस्मा घेतला. ज्या देवाला एकेकाळी त्यांनी केवळ दंड देणारा न्यायाधीश मानले होते, त्याच्याच घरात ते पुत्र म्हणून आले.

तर पुढच्या वेळी आपण शोकग्रस्त घरी जाऊ, तेव्हा दारातच हे आठवावे. देवाच्या वतीने कारण सांगण्यास आपल्याला पाठविलेले नाही. स्वयंपाकघरात चूल पेटली आहे की नाही हे पाहावे, लहान मुलांना जेवू घालावे, कागदपत्रांची धावपळ करावी, रडणाऱ्याजवळ बसावे आणि रडू आले तर रडावे. गेलेल्याचे नाव प्रेमाने घ्यावे. त्या घरातील आई जर म्हणाली की हा माझ्याच पापाचा दंड आहे, तर तिला वादात हरवू नये. पण मान डोलावून होकारही देऊ नये. तिचा हात धरून इतकेच म्हणावे, ‘बाई, ते देवाने तुला सांगितलेले नाही.’ जेनबाईंना त्या जानेवारीत हे वाक्य कोणी सांगितले असते, तर बेनी परत आला नसता. पण त्याच्या मृत्यूचे कारण आपल्या घरातच शोधीत त्या आईला दहा वर्षे कदाचित काढावी लागली नसती.